जुन्या धुण्याच्या यंत्राचे नवे घर

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादे प्राचीन देऊळ किंवा मुक्तिसंग्रामातील एखादा प्रसंग असावा. मीही तशीच तयारी करीत होते. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी भंगारवाला आला आणि माझा विषय बदलला.

आमच्या परसात पत्र्याच्या छपराखाली धुण्याचे एक जुने यंत्र आहे. १९९० च्या दिवाळीत ते आले. दोन हौदांचे आहे. एकात धुवायचे, दुसऱ्यात पिळायचे. कोणत्या कंपनीचे ते मी सांगत नाही, उगाच जाहिरात नको. गेल्या वर्षी मुलाने नवे, सगळे आपले आपणच करणारे यंत्र आणले आणि जुने परसात गेले. भंगारवाल्याने झाकण उचलून पाहिले, मोटारीत तार तांब्याची आहे का एवढेच विचारले, आणि बाकीच्या डब्याचे वजन डोळ्यांनीच केले. “काकू, किलोवर घेतो,” म्हणाला. त्या बिचाऱ्याचे काही चुकले नाही. पण पस्तीस वर्षे घराचे धुणे ओढलेल्या वस्तूला किलोचा भाव ऐकून मला बरे वाटले नाही. ‘आठ दिवसांनी ये’ असे सांगून मी त्याला वाटेला लावले, आणि या यंत्राचा इतिहास तरी काय, ते ते घरात आहे तोवर लिहून काढावे असे ठरविले.

मैत्रिणींनो, इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी आठवतात. पण तलवार घरात एकाच्या हाती असे आणि धुण्याचे धोपाटणे घराघरातील बाईच्या हाती. त्या धोपाटण्याची बखर कोणी लिहिली नाही.

धुणे हे काम कसे होते ते आपल्यातील पन्नाशीच्या पुढच्या भगिनींना सांगावयास नको. गाठोडे बांधून विहिरीवर किंवा नदीवर जावयाचे, आधी भिजवावयाचे, मग दगडावर आपटावयाचे, खळबळून पिळे घालावयाचे आणि ओल्या धुण्याचे दुप्पट झालेले ओझे डोक्यावर घेऊन परत यावयाचे. साबण सर्रास मिळू लागण्यापूर्वी रिठे होते, चुलीतली राख होती, खारी माती होती. हे अडाणीपणाचे उपाय नव्हेत बरे! रिठ्यात फेस आणणारे द्रव्य निसर्गतःच असते आणि राखेतला क्षार कपड्यातील तेलकटपणा सोडवितो. सनलाइट साबणाच्या वड्यांची खोकी १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरली, पण आपल्याकडच्या जड पाण्यात साबणाला फेस येईना. आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी साबण नुसता गिळून टाकी. म्हणून धुण्याचा सोडा घालावा लागे. १९५९ साली सर्फची भुकटी आली आणि १९६९ साली अहमदाबादेत निर्मा निघाला, तेव्हा जड पाण्यातही फेस येऊ लागला. यंत्र येण्याआधी झालेला बदल तो हाच, आणि माझ्या मते तो लहान नव्हता.

बारा बलुतेदारांत परीट होता. भट्टी लावून तो मोठे धुणे करी आणि त्याबद्दल सुगीत त्याला बलुते मिळे. आपला मुलूख कानडीला लागून असल्यामुळे ‘मडिवाळ’ हा शब्दही येथे परका नाही. आपल्याला जवळच असलेल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात होऊन गेलेले शरण मडिवाळ माचिदेव कपडे धुण्याचेच काम करीत. अलीकडच्या काळातील गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) परीट कुळातच जन्मले आणि त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला झाडू दाखविला. या कामाला संत मिळाले, पण काम करणाऱ्याला मान मिळाला असे मात्र म्हणवत नाही.

परटाकडे सगळेच कपडे जात, असाही समज नको. बाळंतिणीचे, तान्ह्या पोराचे, आजाऱ्याचे आणि बायकांच्या अडचणीचे कपडे बहुतेक घरांत बाईनेच धुवावयाचे असत, तेही कोणाच्या नजरेस न पडता, पहाटे किंवा सगळ्यांचे झाल्यावर. या धुण्याबद्दल कोठे लिहिलेले सापडत नाही. यंत्राने बाईचे खरे ओझे उचलले असेल तर ते मला इथे दिसते. यंत्र विचारीत नाही, कपडा कोणाचा आणि कशाचा.

आता हे यंत्र निघाले कोठून ते पाहू. १७६७ साली जर्मनीतील रेगेन्सबर्ग येथील शेफर नावाच्या धर्मोपदेशकाने धुण्याच्या यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला. १७८२ साली लंडनच्या हेन्री सिजियर याने फिरणाऱ्या पिंपाचे पेटंट घेतले आणि १८५८ साली अमेरिकेतील पिट्सबर्गच्या हॅमिल्टन स्मिथने त्याच दिशेने आणखी एक यंत्र केले. ही सारी हाताने फिरवावयाची. म्हणजे दगडावर हात दुखावयाचे ते दांड्यावर दुखू लागले, इतकाच फरक!

या साऱ्या पेटंटवाल्या पुरुषांत एका बाईची हकीकत मला विशेष सांगावीशी वाटते. धुतलेले कपडे दोन रुळांतून ओढून पिळण्याची एक युक्ती वॉशिंग्टनच्या एलन एग्लिन या कृष्णवर्णीय बाईने काढली. १८८८ साली तिने आपला हक्क अवघ्या १८ डॉलरना विकून टाकला. कारण तिने स्वतःच पुढे सांगितले: काळ्या बाईने काढलेले यंत्र हे कळले तर गोऱ्या बायका ते विकत घेणार नाहीत. ते पुढे दुसऱ्याच्या नावाने खपले. आपल्या आयाआज्यांनी काढलेल्या युक्त्यांना तर १८ डॉलरही मिळाले नाहीत, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिकागोच्या हर्ले कंपनीने विजेवर चालणारे ‘थोर’ हे यंत्र बाजारात आणले. विजेच्या यंत्राचा पहिला कर्ता कोण यावर अद्याप वाद आहे, त्यात आपण पडू नये. १९३७ साली अमेरिकेतच बेंडिक्सचे स्वयंचलित यंत्र आले. धुणे, खळबळणे आणि पिळणे त्यात एकापाठोपाठ एक आपोआप होई. दोन हौदांचे यंत्र नंतरचे. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात आणि मग जपानात घरोघर गेले. आमच्या परसातले यंत्र त्याच घराण्यातले.

विजेने किती फरक पडला याची मोजदाद अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाली होती. सुमारे १७ किलो धुणे हाताने धुण्यास चार तास लागले आणि विजेच्या यंत्राने ४१ मिनिटे. त्या चार तासांत बाई ३,१८१ फूट चालली, तर यंत्राजवळ ३३२ फूट. घरातल्या घरात बाई किती चालते हे कोणीतरी फुटांत मोजले, याचेच मला कौतुक वाटले. आपल्याकडे नदीपर्यंतची वाट त्यात मिळवा, म्हणजे आकडा कोठे जाईल!

स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी २०१० साली एका भाषणात आपल्या घरी पहिले यंत्र आले त्या दिवसाची आठवण सांगितली होती. ते तेव्हा चार वर्षांचे होते. आजीला मुद्दाम बोलावणे गेले. आजीने आयुष्यभर चुलीवर पाणी तापवून सात मुलांचे कपडे धुतले होते. बटण तिनेच दाबले आणि खुर्ची ओढून धुणे संपेपर्यंत ती यंत्रासमोर बसून राहिली. मोकळ्या झालेल्या वेळात आई आपल्याला वाचनालयात नेऊ लागली, असे ते सांगत. ही हकीकत वाचताना मला स्वीडन दिसलेच नाही, आमच्या सासूबाई दिसल्या. आमचे यंत्र आले तेव्हा त्याही अशाच पाट घेऊन बसल्या होत्या. फक्त बटण दाबण्यास काही केल्या तयार झाल्या नाहीत, आणि धुतलेले लुगडे हाती घेऊन म्हणाल्या, “पदर नीट निघाला नाही गं.” आणि दगडावर पुन्हा एकदा आपटून आल्या. महिनाभर आमच्या घरी प्रत्येक कपडा दोनदा धुतला जाई.

आपल्याकडे यंत्र उशिरा आले, याचे कारण केवळ पैसा नव्हे. वीज हवी, पाणी हवे आणि घरात नळ हवा. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्य वीज मंडळ त्याच वर्षी स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत तारा पोहोचावयास त्यानंतरही वर्षे लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, आणि अभिमानाची गोष्ट ही की त्यांतली एक आघाडीची कंपनी आपल्याच मराठवाड्यातली, औरंगाबादेतली होती, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातली. धूत घराण्याच्या व्हिडिओकॉनची यंत्रे तेव्हा देशभर गेली. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. मराठवाडा म्हणजे केवळ दुष्काळ, असे बोलणाऱ्यांना हा मधला अध्याय ठाऊक नसतो.

दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर यंत्राचा एक गुण सांगितलाच पाहिजे. दोन हौदांच्या यंत्रात साबणाचे पाणी बाईच्या हाती राहते. आधी पांढरे कपडे, मग त्याच पाण्यात रंगीत, मग पायपुसणी आणि शेतातले कपडे. खळबळलेले शेवटचे पाणी बादलीत काढून अंगण धुवावयाचे. नवे यंत्र प्रत्येक वेळी आपले पाणी आपणच घेते आणि आपणच सोडून देते. त्याला उन्हाळा कळत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी जवळून पाहिले. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी आठवड्यातून एकदा, एका हौदाच्या पाण्यात चार घाणे निघत. म्हणून जुने ते वाईटच, हे मला मान्य नाही. मुलाला मान्य आहे. असो.

यंत्राने बाई सुखी झाली, असेही एकदम म्हणू नये. अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली एक ग्रंथ लिहून दाखविले की यंत्रे आली तशा स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या आणि घरच्या बाईचे काम म्हणावे तितके कमी झाले नाही. पूर्वी आठवड्याने धुवायचे ते रोज धुवावयास पडू लागले. आमच्याकडे तरी काय झाले? परटाकडे जाणाऱ्या चादरी घरात राहू लागल्या, पुरुषमंडळी दिवसाला दोन सदरे टाकू लागली आणि ‘मशीन आहे ना’ हे वाक्य घरात रूढ झाले. मशीन होते, पण त्यात पाणी भरणारी, कपडे एका हौदातून दुसऱ्यात टाकणारी आणि तारेवर वाळत घालणारी मीच होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या उमरगा तालुक्याने जे सोसले ते येथे पुन्हा सांगत नाही. आमच्या न्हाणीघराची मागची भिंत पडली. यंत्र तिच्या मातीखाली दोन दिवस होते. काढून, झाडून, वाळवून सुरू केले तर चालू झाले. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावांतून लोकांनी देव आणले, जाती आणली, दारांच्या चौकटी आणल्या. धुण्याचे दगड मात्र जागच्या जागी राहिले.

तर अशा या यंत्राला घर कोठे शोधावे? जुन्या वस्तूला नवे घर देण्याची आपल्याकडे एक सुंदर रीत होती. बोहारीण दारी येई, जुने लुगडे घेई आणि भांडे देई. घासाघीस तासभर चाले आणि दोघीही आपणच फसलो असे म्हणत समाधानाने उठत. लुगडे पुढे कोठेतरी कोणाच्या अंगावर किंवा गोधडीत जाई. हल्ली दुकानदार ‘एक्स्चेंज’मध्ये जुने यंत्र घेतो, पण ते कोठे जाते हे त्याला विचारून पाहा.

भंगारात दिले तर काय होते तेही मी समजून घेतले. पत्रा व प्लॅस्टिक वेगळे होते, मोटारीचे तांबे निघते. आणि पुष्कळदा तारांवरचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळून तांबे काढतात, त्याचा धूर विषारी असतो. म्हणून अशा वस्तूंसाठी सरकारने २०११ साली नियम केले, ते २०१२ पासून लागू झाले. पुढे ते बदलत जाऊन आताचे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. जुन्या यंत्राची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकावरही आहे. नियम चांगले आहेत. आमच्या दारी मात्र अजून तोच हातगाडीवाला येतो.

मंडळाच्या बैठकीत मी हा प्रश्न ठेवला तेव्हा फार गंमत झाली. एक भगिनी म्हणाल्या की पंजाबातल्या ढाब्यांवर अशा यंत्रांत लस्सी घुसळतात म्हणे, आपणही वर्धापनदिनाला ताक करू! दुसरीने सांगितले की मंडळाच्या दारात ठेवून त्यात तुळस लावा. एका वहिनींनी मात्र गंभीरपणे सुचविले, “आक्का, संग्रहालयाला द्या की.” सगळ्या हसल्या, पण मला ते हसण्यासारखे वाटले नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे उदाहरण घ्या. प्राचीन तगर नगरी ती हीच. तेथील पांढरीच्या मातीतून मणी, मातीची खेळणी, दिवे, खापरे वर येत आणि लोक ती फेकून देत. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच व्यापारी गृहस्थांनी ती वेचून जमविण्याचा छंद घेतला. लोकांनी त्यांनाही हसून घेतले असेल. त्यांनी जमविलेला तो हजारो वस्तूंचा संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि आज त्यांच्याच नावाचे संग्रहालय तेरला आहे. त्यात पाहावयास काय मिळते? दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांच्या बांगड्या आणि स्वयंपाकाची भांडी. त्या काळी तीही कोणाच्या तरी परसातली अडगळच होती.

पुण्याला दिनकर केळकर यांनी हेच केले. अल्पवयात गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी अडकित्ते, दिवे, पायांच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली उपकरणी जमविली आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. तेथे गेल्यावर मला राजवाड्यापेक्षा त्या वज्र्यांपाशीच अधिक वेळ लागला. आणि अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी तर केवळ धुण्याच्या यंत्रांचेच संग्रहालय केले. त्यात हजाराहून अधिक यंत्रे जमली. इतकी यंत्रे, आणि धुणे एकही नाही!

मी मनाशी विचार केला. १९९० चे यंत्र संग्रहालयात जाण्याइतके जुने अजून झालेले नाही. आणि दुसरे म्हणजे, ते चालू आहे. चालणाऱ्या वस्तूला काचेआड बसविणे मला जड गेले. नव्जोत साहनी नावाच्या एका इंग्लंडवासी तरुण अभियंत्याने दक्षिण भारतातील आपल्या शेजारणीचे हात धुण्याने कसे होतात ते पाहून हाताने फिरवावयाचे यंत्र तयार केले, त्याला तिचेच ‘दिव्या’ हे नाव दिले आणि ती यंत्रे इराकातल्या निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत नेली. जगात अजून इतक्या बायका हाताने धूत असताना आमचे यंत्र छपराखाली गंजत ठेवणे बरे नव्हे.

उत्तर शेवटी आमच्याच गल्लीत मिळाले. चार घरे सोडून एक सूनबाई राहते. तिच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. रोज दोन चादरी, तीन कपडे, कधी रात्रीतून पुन्हा. नवरा परगावी कामाला. तिच्या हाताची बोटे सोड्याने सोलून निघालेली मी हळदीकुंकवाला पाहिली होती, आणि तरी मला आधी पुणे आठवले, कोलोरॅडो आठवले, ती आठवली नाही. तिला विचारले तर ती संकोचली. “काकू, फुकट कसं घेऊ?” म्हणाली. तेव्हा बोहारणीची रीत कामास आली. तिने मला दोन पितळी पातेली दिली आणि मी घासाघीस करून एक परत केले.

सोलापुराहून मोटारीचा नवा पट्टा आणविला. पाणी सोडण्याची नळी कडक झाली होती, तीही बदलली. तिच्या परसात फरशी उताराची आहे म्हणून एका बाजूस वीट लावावी लागली. नाहीतर पिळताना यंत्र चालू लागते, हे आम्हाला पस्तीस वर्षांचे ठाऊक. नळी शेवग्याच्या आळ्यात सोडायला मात्र मी मनाई केली. साबणाचे पाणी झाडाला नको, शेवटचे खळबळलेले तेवढे चालेल.

झाकणाच्या आतल्या बाजूस मी एक कागद चिकटविला आहे आणि त्यावर चिकटपट्टी लावली आहे. खरेदी दिवाळी १९९०, १९९३ च्या भूकंपात भिंतीखाली, पुन्हा सुरू, २०१६ च्या उन्हाळ्यात एका पाण्यात चार घाणे, पट्टा बदलला. खाली तिच्यासाठी चार ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत. पुढे कधी हे यंत्र तेरला किंवा पुण्याला गेलेच, तर तेथल्या माणसांना निदान तेवढे तरी वाचता येईल.

भंगारवाला आठ दिवसांनी सांगितल्याप्रमाणे आला. यंत्र नाही म्हटल्यावर त्याने परसात नजर फिरविली आणि कोपऱ्यातल्या धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवून विचारले, “काकू, हा तरी ठेवायचाय का?” दगडाला त्याच्याकडे भाव नव्हता, तो आपला गमतीने बोलला. पण सासूबाईंच्या हातांनी मधोमध खळगा पडलेला तो दगड मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिला.